डबा इंग्रजीत एक सांगतो, मावशी मराठीत दुसरं

प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याच्या घरी वर्षभरापासून 'वेलनेस'चे डबे येतात. आईला शुगरची पावडर, सातवा महिना लागलेल्या बायकोला प्रोटीन, सहा वर्षांच्या मुलाला उंची वाढवणारं चॉकलेटी पेय आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या धाकट्या भावाला आणखी एक मोठा डबा. महिन्याला पाचेक हजार जातात. विकणारी सख्खी मावशी. दोन महिन्यांपूर्वी आईने शुगरची गोळी बंद केली. त्याला विचारायचंय की या डब्यांत खरंच काही असतं का, सरकार हे चालू कसं देतं, आणि मावशीला न दुखावता यातून बाहेर कसं पडायचं.

भाऊ, आधी आईचं बघू. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

उद्या-परवाच आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासा. जमलं तर एचबीएवनसी करा, त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. सारखी तहान, रात्री तीन-चारदा लघवी, वजन उतरणं किंवा पायाला न भरणारी जखम, यातलं काहीही असेल तर उद्याचीही वाट पाहू नका. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते: पावडर चालू असताना जुनी गोळी आपल्या मनाने सुरू करू नका. 'शुगर मुळापासून बरी' करणाऱ्या काही चूर्णांत मधुमेहाचीच इंग्रजी औषधं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत, आपल्या देशात आणि बाहेरही. तुमच्या डब्यात तसं असेलच असं नाही. पण असेल आणि वरून गोळीही पोटात गेली, तर साखर एकदम खाली येते: दरदरून घाम, हातपाय थरथरणं, बोलणं भलतंच, मग बेशुद्धी. म्हणून डॉक्टरसमोर डबा ठेवा आणि काय बंद, काय सुरू हे त्यांना ठरवू द्या. गुडघेदुखीची कुठली पुडी किंवा काळी गोळी चालू असेल तर तीही सोबत न्या. त्यात स्टेरॉइड निघण्याचा संभव असतो, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एका झटक्यात बंद करणंही धोक्याचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, पहिल्या महिन्यात आईची शुगर खरंच उतरली होती. उतरली असेल. मावशीने पावडरसोबत आणखी काय सांगितलं ते आठवा. चहातली साखर बंद, भात कमी, रात्री शतपावली, पाणी भरपूर. यातल्या प्रत्येक गोष्टीने साखर उतरते, आणि हेच दवाखान्यात सांगितलं की कोणी करत नाही. शिवाय जुन्या गोळीचा हात होताच, कारण ती तेव्हा चालू होती. यश सगळं पावडरच्या नावावर जमा झालं. मग गोळी सुटली, आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईत पथ्यही सुटलं. मधुमेह दुखत नाही हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. साखर तीनशेवर असूनही माणूस वावरात जाऊन निंदण करून येतो. माझ्याकडे जे पाय कापायच्या वेळेला येतात, त्यांच्यातली बरीच मंडळी ‘मला काहीच होत नव्हतं’ असंच सांगतात. एक आजी म्हणाल्या होत्या, "गोयीनं किडनी खराब होते म्हनते बाई, म्हनून सोडली." हे त्यांना कोणी सांगितलं असेल ते तुम्हाला ठाऊक आहेच. किडनी खराब होते ती वाढलेल्या साखरेने, आणि गोळी असते ती साखर रोखायला. हे वाक्य आईला तुम्ही स्वतः सांगा, माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल.

तुमचा दुसरा प्रश्न, हे चालू कसं देतात? त्याचं उत्तर डब्यावरच छापलेलं आहे, फक्त इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. घरी कोणी दहावी-बारावीचं पोर असेल तर त्याला डबा घेऊन उजेडात बसवा. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा मालावर 'हेल्थ सप्लिमेंट' असं लिहावं लागतं. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, हेही लिहावं लागतं. रोजच्या चौरस जेवणाच्या जागी हे घेऊ नये, असंही त्यावर असतं. म्हणजे कंपनीने कागदावर स्वतःला मोकळं करून घेतलेलं असतं. डब्यावर कुठेही ‘मधुमेह बरा होतो’ असं सापडणार नाही. ते वाक्य तुमच्या ओसरीवर चहा पिताना मावशीच्या तोंडून आलं, आणि त्याचा पुरावा कुठेच नाही.

कायदा आहे, आजकालचा नाही. १९५४ सालापासून औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, लठ्ठपणा आहे, एवढंच काय, माणसाची उंचीही आहे. यावर इलाज असल्याची जाहिरातच करायची नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली खाण्याच्या पदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्यांनाही जबाबदार धरलंय. छापील जाहिरात पकडता येते. पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली होती. पण हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं कुठला अधिकारी पकडणार? नियमांची पकड बसते ती कागदावर, आणि खेड्यात माल खपतो माणसाच्या शब्दावर. इतकी वर्षं हे पाहून मी या मतावर आले आहे की आपल्याकडे आरोग्याचं नुकसान टीव्हीवरच्या जाहिरातीपेक्षा या घरगुती जाहिरातीने जास्त होतं. टीव्हीवरच्या नटाला आपण निदान मनात तरी ‘पैसे घेऊन बोलतोय’ म्हणतो.

आणि हो, डब्यावरच्या चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नंबरला फार भुलू नका. ‘सरकारमान्य आहे’ म्हणून तोच दाखवतात. तो नंबर बनवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने परवाना घेतलाय एवढंच सांगतो. गावातल्या फरसाणवाल्याच्या पाकिटावरही तो असतो. त्या फरसाणाने कोणाचा आजार बरा होतो असं तो फरसाणवालासुद्धा म्हणत नाही.

हे डबे विकायला गावोगावी मीटिंगा भरवतात, त्यांचं थोडं लिहिते, कारण तुमची आई फसली ती अडाणी होती म्हणून नव्हे. मीटिंगा साधारण सोयाबीन-कापूस विकून घरात पैसा असतो त्या दिवसांत, दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान जोरात होतात. समाजमंदिर किंवा शाळेची खोली. 'मोफत बॉडी चेकअप' असतं. लॅपटॉपला वायर लावलेली एक दांडी हातात मिनिटभर धरायला देतात आणि लिव्हर, किडनी, हाडं, नसा, सगळ्यांचा पानभर रिपोर्ट छापून हातात ठेवतात. रक्ताचा थेंब न घेता. असं मोजणारं यंत्र वैद्यकशास्त्रात नाही. एकाच माणसाने दोनदा दांडी धरली तर दोन वेगळे रिपोर्ट येऊ शकतात. खरं वाटत नसेल तर पुढच्या वेळी वेगळं नाव सांगून धरून बघा. पण त्या रिपोर्टात प्रत्येकाचं काहीतरी ‘कमी’ निघतंच. कमी निघाल्याशिवाय डबा कसा निघणार?

मग उठून बोलणारी माणसं. निवृत्त गुरुजी, पलीकडच्या गावची सरपंचबाई. ती खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. ज्यांना बरं वाटलं नाही ते मीटिंगला येत नाहीत, एवढाच फरक. आणि औषधाने अंगावर पुरळ उठलं, जुलाब लागले, तोंड सुजलं, तर उत्तर तयार असतं, ‘आजार बाहेर पडतोय, चालू ठेवा.’ हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्याकडून पुन्हा काही घेऊ नका, मग तो कितीही भला असो. पुरळ आणि तोंडाची सूज म्हणजे अॅलर्जी. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, म्हणजे लिव्हरवर परिणाम. गुळवेल आणि अश्वगंधासारख्या रोजच्या ओळखीच्या वनस्पतींच्या वापरानंतरही लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. ‘नैसर्गिक आहे’ हा तर कुठल्या शेतकऱ्याला पटावा असा युक्तिवादच नाही. तुमच्या धुऱ्यावरचा धोत्राही नैसर्गिकच आहे.

आयुर्वेदाविरुद्ध बोलतेय असं समजू नका. शिकलेला वैद्य नाडी बघतो, वय बघतो, चालू औषधं विचारतो. इथे एकच डबा सासूला, सुनेला आणि नातवाला चालतो, आणि देणारा मागच्या वर्षी विमा विकत होता.

मुलाच्या पेयाबद्दल. ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकार आपल्या अन्नकायद्यात व्याख्या करून ठेवलेलाच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटा आणि तसली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढायला सांगितलं. त्याच महिन्यात हॉर्लिक्सनेही आपल्या पेयाच्या वर्गवारीतून ‘हेल्थ’ हा शब्द काढला. त्याच्या आदल्या वर्षी बोर्नव्हिटातल्या साखरेवरून एका तरुणाच्या व्हिडिओने बरीच ओरड झाली होती. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, नंतर कंपनीने ती ३२ च्या आसपास आणली. कमी करूनही जवळजवळ तिसरा हिस्सा साखरच. तुमच्या मुलाचा डबा वेगळ्या कंपनीचा आहे, पण घटकांची यादी वाचायची रीत तीच. जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहावं लागतं. पहिल्या तीन नावांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, माल्ट असलं काही दिसलं की समजायचं आपण काय विकत घेतोय.

उंची वाढल्याचा जो दावा असतो, त्यात डब्यावर बारीक अक्षरात ‘दुधासोबत घेतल्यास’ असतं बघा. पोराला रोज कपभर दूध मिळायला लागलं की त्याची वाढ सुधारते, हे कोणीही मान्य करेल. काम दुधाचं, बिल पावडरचं. तुमच्या घरी म्हैस आहे असं तुम्ही लिहिलंय. मग तिचं दूध डेअरीवर घालून त्या पैशात पावडर आणण्याचा हिशेब मला तरी उमगला नाही. मुलगा खरंच ठेंगणा वाटतो का, हे आधी मोजून बघा. अंगणवाडीत किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची लिहून ठेवतात. सहा-सहा महिन्यांच्या दोन-तीन नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वारंवार जंत होतात का, खोकला धरून राहतो का, जेवणाआधी पाच रुपयांची कुरकुऱ्याची पुडी पोटात जाते का, हे प्रश्न पावडरीपेक्षा आधी येतात. ती पुडी तर मी गावोगावी पाहते. मजुरीला जाताना आई पोराच्या हातात दहा रुपये ठेवते, आणि दुकानात केळं नसतं, पुडी असते.

बायकोचं आता. सातव्या महिन्यात प्रोटीन जास्त लागतं हे मावशीने खरंच सांगितलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे शेवटच्या तीन महिन्यांत रोज सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन एरवीपेक्षा जास्त हवं. पण २२ ग्रॅम म्हणजे किती? दोन अंडी, मूठभर फल्लीदाणे आणि कपभर दूध. झालं. अंडी चालत नसतील तर तुरीचं घट्ट वरण दोन्ही वेळा आणि संध्याकाळी भिजवलेले चणे. गरोदरपणात अनोळखी वनौषधींचं मिश्रण असलेली कुठलीही पावडर मी बंदच करायला सांगते, फायद्या-तोट्याची चर्चाही करत बसत नाही.

यापेक्षा मोठा प्रश्न: आशाताईने दिलेल्या लाल गोळ्या ती घेते का? तुम्ही लिहिलं नाही, पण ‘पावडरमध्येच आयर्न आहे’ म्हणून त्या कपाटात पडल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असतं, रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढीच. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या. सगळं फुकट. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. त्यावर जाहिरातीतल्या कुठल्याही डब्यापेक्षा ही बिनजाहिरातीची गोळी जास्त काम करते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको, लिंबू पिळलेलं पाणी चालेल. शौच काळी होते, त्याला घाबरायचं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायची.

इथे एक खास आपल्या भागाची गोष्ट. विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे, गडचिरोली-चंद्रपूरपासून आपल्या यवतमाळपर्यंत. बायकोची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, तुमचीही. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची, पक्कं सांगणारी एचपीएलसी चाचणी. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त कमी होतं ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. दरवेळी लोह कमी असतं असं नाही. ज्यांना रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात तर लोह साठत जातं. अशा पेशंटला कोणी ‘रक्तवाढीचं टॉनिक’ महिनोन् महिने पाजत राहिलं, तर ते फुकट जातंच, वर अपायही करू शकतं. मीटिंगमधल्या दांडीला सिकलसेल कळत नाही.

धाकट्या भावाला काय सांगायचं ते जरा जपून सांगा, कारण भरतीच्या पोरांना डॉक्टर शत्रू वाटतात. पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंची लागते आणि १६०० मीटर पळायचं असतं, या दोन आकड्यांवर विदर्भातल्या तालुक्या-तालुक्यात केवढा बाजार उभा राहिलाय! त्याची उंची आता ठरलेली आहे. हाडांच्या टोकाची वाढीची पट्टी बंद झाली की विसाव्या-बाविसाव्या वर्षी कुठलीही पावडर सेंटिमीटरभरही वाढवू शकत नाही. मघाशी १९५४ च्या यादीत उंची आहे म्हणाले ते याचसाठी. म्हणजे हा धंदा आपल्या आजोबांच्या काळातही होता.

प्रोटीनचं म्हणाल तर साठ किलोच्या सामान्य माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम लागतं, किलोमागे ०.८३ ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ घाम गाळणाऱ्याला पाऊणशे ते नव्वदच्या आसपास. दिवसभरात ज्वारीच्या तीन मोठ्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पन्नास ग्रॅम फल्लीदाणे, तीन अंडी, दोन कप दूध आणि मूठभर चणे खाल्ले की ऐंशीच्या घरात जातो तो. २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत राष्ट्रीय पोषण संस्थेनेही स्नायू कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं. त्याच वर्षी केरळमधल्या डॉक्टरांच्या एका गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत तपासल्या. जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही, आणि काहींत बुरशीचं विष निघालं. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर चांगल्या प्रतीच्या पावडरने निरोगी पोराच्या किडन्या जातात असंही नाही. मला काळजी वाटते ती ‘प्री-वर्कआउट’च्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पुडीची. त्यात भरमसाट कॅफीन असतं. ते पिऊन आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात पळणं म्हणजे छातीत धडधड आणि चक्कर यांना आमंत्रण. ती तेवढी त्याच्याकडून काढून घ्या.

तुम्ही भावाच्या डब्याचा फोटो जोडलाय त्यात पहिलाच घटक ‘सोय प्रोटीन आयसोलेट’ आहे. म्हणजे सोयाबीनच. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, किलोला त्रेपन्न, आणि बाजार समितीत तेवढाही मिळाला नाही म्हणून तुम्ही लोक चिडला होतात. तेल काढून उरलेल्या मालातून निघालेलं प्रोटीन अर्ध्या किलोच्या डब्यात बसून एकोणीसशे रुपयांना तुमच्याच घरी परत आलं. किराणा दुकानात सोयाबीनच्या वड्या मिळतात, शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम प्रोटीन असतं त्यांत. त्या रश्श्यात टाका. कच्चं सोयाबीन मात्र भिजवून नीट शिजवल्याशिवाय खाऊ नका, पोटाला पचत नाही.

माझ्या हिशेबाने डब्याचं मोजमाप असंच करावं: त्याच्यामुळे घरातून काय गेलं? आईची गोळी गेली. बायकोच्या लोहाच्या गोळ्या बहुधा गेल्या. पोराचं दूध डेअरीवर गेलं. हिवाळ्यात तुमच्या घरी जवसाची चटणी होत असेल, ती ‘ओमेगा’च्या कॅप्सूलने गेली का ते बघा, कारण ओमेगा-३ जवसात भरपूर असतं आणि जवस आपल्याच वावरात येतो. डब्यातला माल निव्वळ पिठूळ आणि निरुपद्रवी असला तरी पाच हजारांनी एवढी हकालपट्टी होत असेल, तर तो निरुपद्रवी कसा म्हणायचा?

सगळंच सप्लिमेंट थोतांड, असं मात्र मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं शाकाहारी राहिलेल्या आणि हातापायांना मुंग्या येणाऱ्या माणसाची बी-१२ तपासून गोळ्या-इंजेक्शन द्यावीच लागतात. ड जीवनसत्त्वही अनेकांचं कमी निघतं. पण ते तपासून, ठरावीक दिवस, आणि औषधाच्या दुकानातून थोडक्या पैशात. अ आणि ड ही जीवनसत्त्वं अंगात साठतात, म्हणून तीन वेगवेगळ्या डब्यांतून तीच तीच पोटात जाणं चांगलं नाही. तुमच्या घरी नेमकं तेच चाललंय.

दुकानातल्या मालाचंही एक सांगते, पुढच्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल. पोराला जुलाब लागले की ‘ओआरएस द्या’ म्हटलं तर दुकानदार रंगीत टेट्रापॅक पुढे करायचा. नावात ओआरएस, आत गोड सरबत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. जुना माल कुठे शिल्लक असेल, नवी नावं येतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. त्याच्या कित्येक पट साखरेचं पेय जुलाबाच्या पोराला दिलं तर जुलाब वाढतात. आशाताईकडची पुडी घ्या आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा.

आता मावशी. तिच्याशी चार लोकांत वाद घालू नका. बहुतेक वेळा अशी मावशीच सगळ्यात जास्त अडकलेली असते. कंपनीच्या साखळीतली आपली ‘लेव्हल’ टिकवायला दर महिन्याला ठरावीक माल उचलावा लागतो, खपला नाही तर घरातल्यांच्या गळ्यात घालावा लागतो. तिच्या घरी न उघडलेले डबे किती आहेत ते एकदा एकटीला गाठून, प्रेमाने विचारा. अशा थेट विक्रीसाठी, म्हणजे दुकानाऐवजी माणसामार्फत होणाऱ्या विक्रीसाठी, २०२१ चे नियम आहेत. त्यांत साखळी योजनेला मनाई आहे, आत शिरण्यासाठी पैसे घ्यायला बंदी आहे, आणि करारानंतर ठरावीक मुदतीत अंग काढून घेण्याची सोयही ठेवायला लावलेली आहे. कंपनी माल परत घेत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. आजार बरा करण्याचा दावा व्हॉट्सअॅपवर आला असेल तर तो पुसू नका. स्क्रीनशॉट, बिल आणि डब्याचा फोटो घेऊन जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते. तोंडी दाव्याला पुरावा नसतो असं मी वर म्हटलं, पण आता अर्धी जाहिरात स्टेटसवरच चालते आणि तिथे ती पकडली जाते. तक्रार कंपनीविरुद्ध करा, वरच्या ‘लीडर’विरुद्ध करा. मावशीचं नाव त्यात यायची गरज नाही.

आणि मावशी आईजवळ तासभर बसते, तिचं दुखणं-खुपणं ऐकते, याची किंमत कमी समजू नका. आमच्या ओपीडीत माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, त्यात अर्धा वेळ चिठ्ठी लिहिण्यात जातो. आईने गोळी सोडली ती पावडरच्या प्रेमाने कमी आणि कोणीतरी विचारपूस केली म्हणून जास्त, असा माझा अंदाज आहे. तेव्हा मावशीला तोडू नका, तिलाच सोबत घेऊन दवाखान्यात जा. शुगरचा आकडा तिच्यासमोर निघू द्या. आई उपाशीपोटी असू द्या, नंतरच्या तपासणीसाठी भाकरीचा डबा बांधून न्या. जुनी चिठ्ठी, उरलेल्या गोळ्या आणि सगळे डबे पिशवीत टाका, रिकामे असले तरी.